सुई घेतलेल्या दिवशीची चाल

मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलीनं चालून दाखवायची पद्धत आमच्याकडे होती. माझ्यावर ती पाळी आली तेव्हा मी लंगडत होते. माझ्या पायात मात्र काडीची खोट नव्हती.

खोट होती हृदयाच्या एका झडपेत. कुणी नशिबाला बोल लावला की माझं डोकं फिरतं, कारण ती खोट घसादुखीकडे केलेल्या दुर्लक्षानं पडली होती. शाळेत असताना घसा दुखला, ताप आला आणि घरच्यांनी हळदीच्या दुधावर भागवलं. पुढे गुडघा सुजला. तो उतरतो न उतरतो तोच कोपर सुजलं. आई गेल्यापासून घर आत्याच सांभाळायची. तिनं वात म्हणून तेल चोळलं. थोडं चाललं तरी धाप लागू लागली, तेव्हा कुठे बाबांनी आदिलाबादला, तेलंगणातल्या आमच्या जिल्ह्याच्या गावी, नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ छाती ऐकली आणि मग हिंदीत समजावून सांगितलं. घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच हृदयावर उलटलं होतं. झडप जाड झाली होती, नीट मिटत नव्हती. झालेलं नुकसान परत भरून येणार नव्हतं, पण तसा ताप पुन्हा आला तर ते वाढणार होतं. म्हणून दर तीन आठवड्यांनी कमरेत पेनिसिलिनची सुई, तीही वर्षानुवर्षं.

ही सुई काही साधीसुधी नसते. औषध घट्ट, दुधासारखं पांढरं. आत जाताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पुढचे एक-दोन दिवस पाय ओढत चालावं लागतं.

आधी जवळच्या सरकारी दवाखान्यातली सिस्टर ती द्यायची. मग एका दसऱ्याला आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले. निर्मल वेगळा जिल्हा झाला आणि सिस्टर बदली होऊन तिकडे गेली. तिच्या जागी आलेल्या माणसानं माझा कागद पाहून हात वर केले. या औषधाची एखाद्याला रिअ‍ॅक्शन येते, ती जबाबदारी त्याला नको होती. “आदिलाबाद वेळ्ळंडी,” तेलुगूत म्हणाला, म्हणजे आदिलाबादला जा. नकाशावर रेघा ओढणाऱ्यांना माझी सुई कुठून माहीत असणार! आदिलाबादला जायचं म्हणजे कामाची अख्खी सकाळ मोडणार, आणि दिवस होते कापूस वेचणीचे. उद्या जाऊ, परवा जाऊ करता करता दोन सुया बुडाल्या. ताप पुन्हा आला, गुडघे पुन्हा सुजले आणि डॉक्टर म्हणाले, झडप आणखी बिघडली. त्या दिवशी मी ठरवलं, आता कुणाच्याही कामासाठी माझी सुई थांबणार नाही.

आणि नेमका निरोप आला की पैनगंगेपलीकडचे, महाराष्ट्रातले पाहुणे उद्या दुपारी मला पाहायला येताहेत. उद्याच सुईचा दिवस होता.

“उद्याच्या दिवस राहू दे ना वो बाई,” आत्या म्हणाली. “लंगडत समोर गेली त पोरगीच लंगडी हाय म्हणतीन.”

“अन् सुईचं समजलं त?”

“कशाले समजते? लगीन झाल्यावर पाहू.”

एका दिवसानं मी मरणार नव्हते, हे मलाही कळत होतं. पण आमच्या घरातला ‘उद्या’ किती लांबतो ते मी भोगलं होतं. आणि लग्नानंतर काय, सासरी चोरून सुया घ्यायच्या? बाबा बाजारासाठी वांग्यांच्या टोपल्या भरत राहिले. सकाळी पहिल्या बसनं मी एकटीच गेले आणि सुई घेऊन दुपारच्या आत परतले.

पाहुणे आले, चहा झाला. मुलाची आई शांत, कष्टाळू दिसत होती. “बाई, जराशीक चालून दाखव बरं,” ती म्हणाली. “आमचं वावर दूर हाय. वेचणीच्या दिवसात लय चालावं लागते.”

तिचं म्हणणं तिच्या परीनं खरं होतं, तरी मला रागच आला. मी उठले. पहिली दोन पावलं सरळ टाकायचा प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू. मग कमरेतून अशी कळ आली की म्हटलं, मरू दे. लंगडत दारापर्यंत गेले आणि लंगडतच परत आले.

“पायाले काय झालं वो?”

“काल न्हाणीत घसरली,” आत्या घाईनं म्हणाली.

“घसरली नाई मी,” मी म्हणाले. “सकाळी सुई घेऊन आली. लहानपणीच्या तापानं हृदयाची झडप खराब झाली. दर तीन आठवड्याले सुई घ्या लागते, लग्नानंतर बी घेईन. कापूस वेचता येते मले. आतापर्यंत वेचूनच राह्यली.”

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. “अन् लेकरंबाळं?”

“डॉक्टर म्हणते, आधी तपासून मंग ठरवा. तुमी बी चाला, इचारून घ्या.”

“कळवतो,” म्हणून ते उठले. काय कळवणार ते सगळ्यांनाच कळलं होतं. मला वाईट वाटलं. मुलगा बरा होता.

गाडी वळली तशी आत्या माझ्यावर तुटून पडली. “काऊन सांगतलं? तोंड बंद ठेवता येत नव्हतं तुले?”

तेव्हा बाबा बोलले, आणि ते माझ्याशी नाही, आपल्या बहिणीशी बोलले. “ते घसरली म्हणून तू काऊन सांगतलं? आता जो कोणी येईन त्याले आधीच सांगजो, आमची पोरगी हृदयाची सुई घेते.”

“मंग कोणी येणार नाई, दादा.”

“नाई येतीन त नाई येतीन.”

खरंच बरेच दिवस कोणी आलं नाही. पुढच्या सुईला बाबा टोपल्या घरीच ठेवून माझ्याबरोबर निघाले. बसची वाट पाहत अर्धं गाव उभं होतं. कुणीतरी विचारलं, बापलेक कुठं निघाले? आजवर या प्रश्नाला बाबा ‘बाजाराले’ म्हणायचे. त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पोरीच्या हृदयाची सुई हाय. आज चुकवून चालत नाई.”