सरांच्या बोटांवरचा उजेड

करणी, भानामती असले शब्द कानावर आले की मी आजही चिडते. परभणीत एका प्रयोगशाळेत काम करते मी; पुन्हा करून दाखवता येईल तेवढंच खरं मानते. तरी हे लिहितेय... कारण हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय.

छाया माझी लॅबमधली मैत्रीण, झरी गावची. वर्षानुवर्षं खपून तिने एक प्लाझमिड बनवलं होतं – म्हणजे डीएनएचं छोटंसं कडं. पाणी तुटलं की कापसात जागा होणारा एक जीन तिने काजव्याला उजेड देणाऱ्या ल्युसिफरेज जीनला जोडला होता. हे पानात सोडायचं, वरून ल्युसिफेरिन नावाचं रसायन फवारायचं, की पान उजळतं. तेही इतकं मंद की फक्त कॅमेऱ्याला दिसावं. रसायन नाही तर उजेड नाही, हे पक्कं.

जिंतूर रोडवर छायाची स्कूटी ट्रकखाली आली.

तिचं दिवसकार्य उरकून तिची आई, आमच्या मावशी, सामान न्यायला लॅबमध्ये आल्या, तेव्हा आमचे सर स्पिरिटच्या बोळ्याने छायाच्या ट्यूबांवरचं नाव पुसत बसले होते. स्वतःचं घालायला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"सर, माझ्या लेकीचं नाव हाय त्ये. कामून पुसायलाव?"

"तिचं इथं काही नाही, बाई. हे माझं काम आहे."

मावशींनी छायाचा अ‍ॅप्रन काखेत धरला, दोन्ही हात कानशिलांवर नेले आणि कडाकडा बोटं मोडली. "ज्या बोटांनी नाव पुसलंस ना, ती बोटं लपवायला तुला जागा मिळायची न्हाई!"

सर हसले.

पुढे बाहेरचे पाहुणे आले, 'माझं प्लाझमिड' दाखवायला सर त्यांना डार्करूममध्ये घेऊन गेले. भर दुपारची वेळ. फवारणीआधी एक कोरा फोटो घ्यायची आमची पद्धत आहे. ल्युसिफेरिनची बाटली माझ्या हातात होती, सीलबंद. मी दिवा बंद केला. पान काळंच होतं... पण सरांची बोटं उजळली होती. हिरवट-पिवळी, नखांपासून पेरांपर्यंत, साध्या डोळ्यांना दिसतील अशी!

"सर, हाताला काय लागलंय?" एका पाहुण्याने विचारलं.

सरांनी हात पाठीमागे नेले, तर मागची भिंत उजळली. मला भीती नाही वाटली. खोटं कशाला बोलू, काळीज थंड झालं माझं.

साबण झाला, स्पिरिट झालं, डॉक्टर झाले. ग्लोव्हजमधूनही उजेड दिसायचाच. सरांच्या घरी आता दिवे मालवत नाहीत म्हणे. शेवटी त्यांनी संशोधनाच्या पेपरवर छायाचं नाव पहिलं घातलं, मला डार्करूममध्ये नेलं आणि डोळे गच्च मिटून विचारलं, "गेलं का गं?"

"नाही, सर."

त्या बोटांवरचे नमुने मीच तपासले. ल्युसिफरेज नाही, ल्युसिफेरिन नाही, काहीच नाही. उजेड कुठून येतो हे मला आजही सांगता येत नाही.

सरांनी फारच गयावया केली म्हणून मी झरीला जाऊन आले. मावशी अंगणात ज्वारी पाखडत होत्या. म्हटलं, नाव लागलं, मावशी. आता सोडा त्यांना.

"म्या कुठं धरलंय, माय?" त्या सूप न थांबवता म्हणाल्या. "म्या तर तवाच बोटं मोडून मोकळी झाले. धरलंय लेकीनं. तिलाच इचार."