सगळ्यांचा रक्तगट एक

एंटर मारायच्या आधी दादा दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. मग स्क्रीनवरची कमांड मोठ्याने वाचायचे, आणि ऐकायला समोर कुणीतरी लागायचंच. लादी पुसणाऱ्या मावशी, वॉचमन, रिक्षाची वाट बघणारी एखादी आई, कुणीही चालायचं. "मावशी, आयका. एका पेशंटचा पत्ता बदलतो. एकाचाच. बरोबर हाय?" मावशी म्हणायच्या, "बरोबर." मग हात पुढे यायचे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. मी अंबरनाथ पूर्वेहून नोकरीला आलेली, दोन सर्टिफिकेटं घेतलेली, आणि त्या सर्टिफिकेटांचा तोरा वेगळाच. उल्हासनगरातलं आमचं केंद्र तसं छोटं. थॅलेसेमियाच्या मुलांना तिथे दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतात. या मुलांची सगळी माहिती एका सर्व्हरवर आणि तो सर्व्हर दादांच्या ताब्यात. बदलापूरच्या पलीकडे त्यांचं गाव. सकाळी भातशेतीचं पाणी बघून कामावर यायचे. सगळे त्यांना दादा म्हणत.

"दादा, मावशींना डेटाबेसमधलं काय कळतं?" मी विचारलं.

"काय पन नाय. पन मोठ्यानं वाचला का चूक माझे कानाला लागते ना, बाय."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. आपण त्याला सनकी म्हणतो आणि त्याच्या जिवावर निवांत असतो. दादा दर शनिवारी बॅकअपची प्रत एका जुन्या मशीनवर चढवून बघायचे. "परत उभा राहिला तर बॅकअप. नायतर ती नुसती फाइल." केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावायचे. महिन्यातून एकदा भर कामाच्या वेळी, सगळ्यांना सांगून, मेन स्विच बंद करायचे आणि यूपीएस किती मिनिटं तग धरतो ते घड्याळ लावून बघायचे. डॉक्टर वैतागायचे. "साहेब, लाइट इचारून जात नाय," एवढंच उत्तर मिळायचं.

त्या दिवशी ते बाहेरच्या खोलीत यूपीएसच्या बॅटऱ्या बदलत होते. सिस्टर मला सांगून गेल्या की एका मुलीचा रक्तगट कॉम्प्युटरवर एबी पॉझिटिव्ह दिसतो, पण तिच्या कार्डावर आणि तपासणीत बी पॉझिटिव्ह आहे, तेवढा दुरुस्त करा. दोन ओळींचं काम. पहिल्या ओळीत नवा रक्तगट, दुसऱ्या ओळीत त्या मुलीचा नंबर. मी माउसने दोन्ही ओळी निवडून चालवायला गेले आणि दुसरी ओळ निवडायची राहिली. वाचून दाखवायला कोण बसतंय?

"एक नोंद बदलली" असं यायला हवं होतं. आकडा आला तो तीन अंकी.

यादी उघडली, तर वरपासून खालपर्यंत प्रत्येक मुलासमोर एकच: बी पॉझिटिव्ह. आणि आत चार खाटांवर मुलं रक्त चढवायला झोपलेली होती.

मी धावत दादांकडे गेले. मला वाटलं, आता शिव्या बसणार. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, "किती जनांना माहित हाय?"

"कुणालाच नाही. दादा, गुपचूप जुनी प्रत चढवू ना. तासाभरात होईल. आणि रक्ताची पिशवी द्यायच्या आधी रक्तपेढीवाले जुळवून बघतातच की."

"पुढचा पकडंल म्हनून आपन सोडाचा नाय."

ते सरळ आत गेले. सिस्टरना सांगून पिशव्या थांबवल्या. मग प्रतीक्षा-खोलीच्या मधोमध उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "कॉम्प्युटरमधे सगल्या पोरांचा रक्तगट चुकलाय. आमचे हातून चुकलाय. स्क्रीनवर कोनी इश्वास ठेवू नका. आपापला कार्ड काढा."

मी दारात उभी होते. असं कुणी सांगतं? एक बाई मटकन खाली बसल्या. एक सिंधी आजी ओरडल्या, "साईं, ये क्या बोल रहे हो!" मग भराभर पर्स उघडल्या गेल्या, लॅमिनेट केलेली कार्डं बाहेर आली. सिस्टरनी प्रत्येक खाटेपाशी जाऊन कार्ड आणि पिशवी जुळवली. चारही बरोबर होत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

शनिवारच्या त्या सनकीमुळे चाळीस मिनिटांत त्याच सकाळी घेतलेली बॅकअपची प्रत उभी राहिली. सकाळपासूनच्या नोंदी आम्ही कागदावरून पुन्हा भरल्या. सगळं जागेवर आलं. उरली ती एकच मुलगी, जिचा रक्तगट मुळातच चुकीचा भरलेला होता.

"हा कोनी भरला होता?" दादांनी विचारलं.

मला ते आधीच दिसलं होतं. कोणती नोंद कुणी केली हे आमच्याकडे साठवलं जातं. मी माउस दुसरीकडे नेला. त्यांनी स्वतःच वाकून वाचलं. तीन वर्षांपूर्वीची नोंद होती आणि समोर त्यांचंच नाव होतं.

इतका मोठा धक्का बसलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. ते खुर्चीत बसले. "तीन वर्सं," ते पुटपुटले, "दर टायमाला ती पोर माझे समोरून जाते."

"दादा, जुळवणी होते म्हणून तिला काही झालं नाही. नका सांगू."

त्यांनी सांगितलं. मुलीच्या आईसमोर उभे राहून, हात जोडून. तिने मुलीचा हात धरला आणि निघून गेली. पुढच्या पाळीला ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. केंद्र चालवणाऱ्या मंडळाने दादांना बोलावून खडसावलं, की गावभर बोभाटा करायची काय गरज होती. मलाही आतून तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू? खरं बोलून एक पेशंट गमावला, एवढंच झालं. दादा दर तीन आठवड्यांनी यादीत तिचं नाव बघायचे आणि दुसऱ्या बायकांना विचारायचे, "ती रक्त चढवाला कल्यानला जाते म्हनतात. बरी हाय ना?"

गेल्या दिवाळीच्या आधी कापणी चालू असताना दादा शेतात कोसळले. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते. केंद्रातल्या सगळ्या पालकांना आम्ही मेसेज पाठवला होता. स्मशानात इतक्या आया आलेल्या त्यांच्या गावाने पहिल्यांदाच पाहिल्या.

महिन्याभराने ती बाई दारात उभी राहिली. मुलगी उंचीने तिच्या खांद्याला लागली होती.

"वापस नाम लिखवाना है," ती म्हणाली. "उधर दो साल में एक भी गलती नहीं हुई, ऐसा बोलते हैं. मेरे को डर लगता है. दादा किधर हैं? उनसे ही बात करूँगी."

"दादा गेले," मी म्हटलं. "महिना झाला."

ती एकदम चढ्या आवाजात म्हणाली, "मेरे को किसी ने बताया क्यों नहीं?"

मेसेज गेला तो चालू पेशंटच्या यादीवरून आणि त्यात तिचं नाव नव्हतं. तिचा फोन नंबर मात्र आमच्याकडे होता.