टिपकागदाची यादी

टिपकागद हे नाव मीच ठेवलं, आणि ते त्याला चपखल बसलं. आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत हा पन्नाशी उलटलेला माणूस पाण्याने गार होणारी मशिनं जुळवायचा. नळ्या जोडून झाल्या की प्रत्येक सांध्याखाली पांढऱ्या कागदाची घडी ठेवायची, नुसता पंप चालू करायचा आणि पुरे चोवीस तास कागद ओला होतो का ते बघायचं. कागद कोरडे निघाले तरच मशीन बाहेर. एका गिऱ्हाइकाने ते आडनाव समजून त्याला 'टिपकागद साहेब' म्हटलं, तेव्हा मी काउंटरखाली वाकून हसलो. तोही हसला. असल्या माणसांचा मला राग येतो. चिडावं तरी!

भाग निवडताना त्याचा नखरा बघण्यासारखा असे. गिऱ्हाईक विचारायचं, आत रंगीत दिवे लागतील ना? हा विचारायचा, खोलीला खिडकी आहे का, मशीन दिवसाचे किती तास चालणार, जवळ कोणी झोपतं का. मग एका कागदावर सावकाश लिहायचा: प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ठोकळा, गरम झालेलं पाणी गार करणारा रेडिएटर, पंप, नळ्या, पाणी कोणतं. खाली सही. ती यादी मालक फायलीत लावून ठेवत.

पण त्याचे दिवस भरत आले होते. आता पाणी आधीच भरलेले, बंद कूलर तयार मिळतात. चार स्क्रू पिळले की झालं. हाताने नळ्या कापणारा माणूस कोणाला हवाय? दोन दुकानांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. घरी बायको अंथरुणाला खिळलेली. ही नोकरी गेली तर दुसरी नाही, हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं आणि मालकांना तर पाठच होतं.

एक दिवस एक बाई आल्या. न बांधलेल्या इमारती कॉम्प्युटरवर उभ्या करून दाखवायचं त्यांचं काम. मशीन दिवसभर तापणार होतं. टिपकागदाने तांब्याचा मोठा रेडिएटर लिहिला. तो यायला तीन आठवडे लागणार होते आणि बाईंना आठवड्यात मशीन हवं होतं. आमच्या माळ्यावर अ‍ॅल्युमिनियमचा एक रेडिएटर दोन वर्षं धूळ खात पडला होता. मालकांना त्याची आठवण मी करून दिली. मला कोणी विचारलं नव्हतं.

"तोच बसवा," मालक म्हणाले.

"साहेब, ठोकळा तांब्याचा आहे. या दोन धातूंतून एकच पाणी फिरलं की अ‍ॅल्युमिनियम आतून सडतं. आज कळणार नाही, पण वर्षाच्या आत पाणी बाहेर येईल."

"तेव्हाचं तेव्हा बघू. तुम्ही बसवताय की माझ्या पुतण्याला बोलावू? त्याला एकदा तुमच्या जागी बसवलं की मग तुमचं इथे काय काम?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी खोक्यावर पत्त्याची चिठ्ठी चिकटवत होतो, तीच चिकटवत राहिलो. त्याने यादीतलं 'तांबं' खोडलं, वर 'अ‍ॅल्युमिनियम' लिहिलं आणि सही केली. मग कागदाच्या घड्या मांडल्या. चोवीस तासांनी सगळ्या कोरड्या निघाल्या.

त्यानंतर तो दर महिन्याला बाईंना फोन करायचा. "ताई, पाणी गढूळ नाही ना झालं? एकदा मशीन घेऊन या, पाणी बदलून देतो." बाईंना सवड नव्हती. चौथ्या महिन्यात मालकांच्या कानावर गेलं. "गिऱ्हाइकाच्या डोक्यात भुंगा सोडू नका," असं म्हणून त्यांनी ते फोन बंद केले.

सातव्या महिन्यात बाई मशीन घेऊन आल्या. ठोकळ्यात पांढरा चिखल साचला होता, रेडिएटरला भोक पडलं होतं आणि पाणी थेट आत ठिबकलं होतं. ग्राफिक्स कार्ड गेलं, डिस्क गेली, अर्ध्या वर्षाचं काम गेलं. बाई ओरडल्या नाहीत. "हा भाग कोणी निवडला?" एवढंच त्यांनी विचारलं.

मालकांनी फाईल उघडून टिपकागदाला बोलावलं. "सही कोणाची?"

आता हा सगळं ओकणार, आणि त्यात माझंही नाव येणार, म्हणून माझा जीव टांगणीला लागला.

"माझीच," तो म्हणाला. सगळं ओकलं तर नोकरी नक्की जाईल, गप्प बसलं तर कदाचित वाचेल, असा त्याचा हिशेब असावा. भाबडा माणूस!

"इतकी वर्षं हेच काम करता, आणि तांब्याबरोबर अ‍ॅल्युमिनियम चालत नाही हे कळत नाही? शेंबड्या पोरालाही कळतं! उद्यापासून येऊ नका."

तो बाईंकडे वळला. त्याला वाटलं असेल, निदान त्या तरी फोनचं सांगतील. त्यांनी सांगितलंही.

"तुम्ही मला दर महिन्याला पाण्याचं विचारत होता," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

नळ्या कापायची स्वतःची कात्री त्याने उचलली, तर मालक म्हणाले, ती दुकानाची आहे. ती त्याची होती.

मालकांनी बाईंना नवं मशीन फुकट कबूल केलं. पुतण्याला मात्र असल्या कामात रस नव्हता, तो आलाच नाही. मागच्या खोलीत मला बसवलं. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दुपारी मी टिपकागदाला फोन लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला.

त्याने सगळं सांगितलं. ठोकळा कोणता, रेडिएटर किती जाड, नळी कुठे वाकवायची, कुठे नाही. मध्येमध्ये विचारत होता, "लिहून घेतलंस ना?" मग म्हणाला, "मालक काही बोलतात का माझ्याबद्दल?"

"आठवण काढतात," मी म्हणालो. त्याने बोलायचं थांबू नये, एवढाच माझा हेतू होता.

"मग उद्या येऊ का रे मी? पगाराचं मागाहून बघू. तुझ्या हाताखाली बसेन हवं तर."

"नको काका. आता जमेल मला."

"बरं," तो म्हणाला. पंप कुठे बसवायचा ते सांगायचं राहिलं होतं. ते त्याने दोनदा समजावून सांगितलं आणि मगच फोन ठेवला.