निळ्या पाण्याच्या बाटल्या

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत आमच्या कुत्र्याने कित्येक वर्षं एकच काम नेमाने केलं. सकाळ-संध्याकाळ तळमजल्यावरच्या काकांच्या स्कूटरच्या पुढच्या चाकावर पाय वर करणं. काका प्रेसमधून निवृत्त झालेले. नोटांवरचे डाग हुडकण्यात त्यांची सगळी हयात गेली होती, त्यामुळे चाकावरचा डाग त्यांना गॅलरीतूनही दिसे. त्यावरून त्यांचं आणि वडिलांचं असं वाजलं, की दोघांनी बोलणंच टाकलं.

मग काकांनी स्कूटरभोवती नीळ घातलेल्या पाण्याच्या बाटल्या मांडल्या. निळ्या पाण्याला कुत्री बिचकतात, असं तेव्हा सगळ्या गावाला पटलेलं होतं. आमचा कुत्रा बिचकला नाही. पण बाटल्या इतक्या दाटीने होत्या की चाकाशी पोचता येईना. तो नाइलाजाने गेटपाशी उरकू लागला.

म्हातारपणी त्याला मूतखडा झाला. ऑपरेशन झालं. नळी काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत लघवी स्वतःहून झाली पाहिजे. नाही झाली तर या वयात काही खरं नाही."

दुपारभर आम्ही त्याला कॉलनीत फिरवला. गेट, खांब, कडुनिंब. आईने बागेतला नळ सोडला आणि तान्ह्या बाळाला करतात तसं "शूऽऽ" केलं. काही नाही. पोट दगडासारखं झालेलं. तो दर वेळी स्कूटरपाशी जायचा, बाटल्यांकडे बघायचा आणि खाली बसायचा.

"काकांना विचारा ना, बाटल्या काढतील का," आई म्हणाली.

"मी नाही विचारणार," वडील म्हणाले. मला दोघांचाही राग आला, वडिलांचा आणि काकांचा.

ऊन उतरताना काका बनियनवर बाहेर आले. कुणाकडे बघितलं नाही. एकेक बाटली उचलून भिंतीशी ठेवली, स्कूटर स्टँडवरून काढून मोकळ्यात आणली आणि हँडल धरून उभे राहिले.

कुत्रा उठला. चाक हुंगलं. पाय वर करायची ताकद नव्हती, तेव्हा तसाच चाकाला टेकला. आधी थेंब, मग बारीक धार.

"होऊ दे," काका त्याला म्हणाले. "सावकाश होऊ दे."

आई रडायला लागली. मीही. वडिलांनी बादली आणली, तर काकांनी ती हातातून घेतली आणि चाक स्वतःच धुतलं.

सकाळी बाटल्या पुन्हा जागेवर होत्या. पुढच्या चाकापुढे मात्र एक कुत्रा जाईल एवढी जागा सोडलेली होती.