इंग्रजी न कळणारे कुत्रे

माझा स्वभावच संशयी. आखातातल्या सलव्यात, आमच्या फ्लॅटमध्ये पोरीने दार लोटलं की माझे कान टवकारतात. त्यात ती तेरा वर्षांची, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. हल्ली रोज संध्याकाळी फोन घेऊन खोलीत जायची. मी आत गेले की फोन पालथा. म्हटलं, काहीतरी शिजतंय. नवरा म्हणाला, "तुला दुसरे उद्योग नाहीत का?" नव्हते. मग काय करू?

एकदा सफरचंद कापून द्यायच्या निमित्ताने मी घुसलेच. लॅपटॉपवर कार्टून चाललेलं. बर्फाच्या मुलखातल्या इन्युइट लोकांनी स्वतः बनवलेलं. एक आजोबा नातीला कुत्र्यांची गाडी बर्फावरून हाकायला शिकवत होते. नात इंग्रजीत ओरडते, कुत्रे ढिम्म. आजोबांच्या बोलीत हाक देते, तेव्हा कुठे उठून पळतात. छान होतं. पण एवढ्यासाठी कोणी दार लावतं का? आणि फोन पालथा कशाला?

दुसऱ्या दिवशी मी सरळ दाराला कान लावला. आत पोरगी ओरडत होती, "हिर्रर्र... हो हो." आणि फोनमधून माझी आई, रत्नागिरीकडच्या गावातून, "पोटातनं काढ गो आवाज. अशानं बैल हलायचा नाय." थांबवताना काय म्हणायचं, वळवताना काय, पोरगी अडखळत का होईना, मराठीत विचारत होती. मला तिथेच रडू आलं.

रात्री जेवताना तिने जाहीर केलं, "सुट्टीत मी आजीचे बैल हाकणार. आजी म्हणाली, तोवर आईला सांगू नकोस. पण मला राहवेना." माझे बाबा गेले त्याच वर्षी आईने बैल विकले होते. गोठ्यात आता नुसती लाकडं आहेत.

म्हणजे आई खोटं बोलत होती. सकाळी पोरगी शाळेत गेल्यागेल्या मी फोन लावला आणि माझं तोंड सुटलं. "पोरीला का फसवतेस? इथून एवढ्या लांब येईल, तेव्हा काय दाखवणार, लाकडं?"

आई म्हणाली, "बैल नाहीत म्हटलं, तर ती उद्या फोन करील काय?"

"अगं, पण..."

"तू करतेस तो गोळ्या घेतल्यास काय विचारायला. ती म्हणते, आजी, अजून सांग."

त्या दिवशी गोळ्यांचं विचारायला माझी जीभ वळली नाही.