झुशीच्या टेकडीवरचं पिवळं टोपडं

चमत्कार हा शब्द आमच्या घरात फक्त चेष्टेपुरता वापरला जायचा. एखाद्याचं प्रमोशन वेळेवर झालं की आमचे हे म्हणायचे, चला, चमत्कार झाला. माझ्या वडिलांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. घरी परतल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे कोनाड्यातले देव आणि अंगणातले शेंदूर फासलेले दगड टोपलीत भरले आणि कन्हान नदीत नेऊन सोडले. ही गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा ऐकली, की ती मला स्वतःला आठवते असंच वाटतं. त्यामुळे दगडाला काही लाल लावलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं नेमकं तिथेच अडलं होतं.

दिल्लीत आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. हे केंद्र सरकारच्या नोकरीत, मीही एका मंत्रालयात कारकून. त्या वर्षांत नव्या कंपन्या येत होत्या, यमुनेपलीकडे नोएडाचे सेक्टर एकामागून एक भरत होते आणि आमच्या पिढीने ज्यांची नावंही ऐकली नव्हती अशा नोकऱ्या आमच्या मुलांना मिळत होत्या. आमचा जावई मिलिंद नोएडातल्या एका जपानी भागीदारीच्या कारखान्यात इंजिनिअर होता. कंपनीने त्याला कामासाठी जपानला पाठवलं, तशी आमची एकुलती एक सुजाताही त्याच्याबरोबर गेली. बुद्धाच्या देशात चालली माझी पोर, असं मी सगळ्या ब्लॉकला सांगत सुटले होते. तिथे तिला दिवस राहिले, तेव्हा तर माझे पाय जमिनीवर नव्हते.

बाळंतपणाला मी जायचं ठरलं. पासपोर्ट झाला, रजा मंजूर झाली. दिल्लीच्या थंडीत क्वार्टरसमोरच्या हिरवळीवर उन्हात बसून बायका विणकाम करतात, तशी मीही पिवळी लोकर घेऊन बसले. स्वेटर झाला, मोजे झाले, कानावरून खाली येणारं, हनुवटीखाली बांधायचं टोपडंही झालं. शेजारच्या पंजाबी बहनजी एकदा हळूच म्हणाल्या, पहले से नहीं बुनते. आमच्याकडेही हेच म्हणतात, पण मी असलं काही मानत नाही, असं मी त्यांना हसून सांगितलं आणि पुढचा टाका घातला.

मग सातव्या महिन्यात मिलिंदचा फोन आला. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती. सुजाताची तब्येत ठीक आहे, डॉक्टर फार चांगले आहेत, असं तो सांगत राहिला आणि शेवटी त्याचा आवाज खाली गेला. "आई, ती रडत नाही. दिवसभर खिडकीत बसून समुद्राकडे बघत असते. मी ऑफिसला जातो आणि मला भीती वाटते. तुम्ही लवकर या."

मी तिकिटाची तारीख अलीकडे आणून घेतली. बाळंतिणीसाठी बांधून ठेवलेला डिंक, अळीव, मेथी सगळं बॅगेतून काढलं. स्वेटर काढला, मोजे काढले. टोपडं मात्र बॅगेच्या तळाशी राहिलं. मी ते ठेवलं की राहिलं, हे मला आजही खरेपणाने सांगता येणार नाही.

मुलीचं घर योकोहामाच्या पुढे, झुशी नावाच्या उपनगरात होतं. मोठ्या शहरात कामाला जाणाऱ्यांनी राहावं असं गाव, एका बाजूला समुद्र आणि पाठीशी झाडीने भरलेल्या टेकड्या. दिल्लीहून आलेल्या माणसाला तिथली शांतता पहिले काही दिवस झेपत नाही. गाड्या हॉर्न वाजवत नाहीत, भाजीवाला ओरडत नाही, लोक एकमेकांना वाकून नमस्कार करतात आणि आपापल्या दारात नाहीसे होतात. संध्याकाळ झाली की खांबावरच्या भोंग्यांतून हळवे सूर वाजायचे, मुलांनी आता घरी यावं म्हणून. समुद्रावर घारी फिरत असायच्या. हवा स्वच्छ असेल तेव्हा पाण्यापलीकडे फुजी पर्वतही दिसायचा. एवढं सुंदर ठिकाण, आणि मला ते बघवत नव्हतं.

कारण माझी पोर त्यातलं काहीच दिसत नसल्यासारखी खिडकीत बसलेली असायची. मी आले म्हणून तिने मिठी मारली, प्रवास कसा झाला विचारलं आणि पुन्हा जाऊन बसली. मी वरण-भात केला की दोन घास खायची. बोलायचा प्रयत्न केला की "रहने दे ना, आई," एवढंच. दिल्लीत वाढलेली मुलगी, दुखलं-खुपलं की हिंदीत शिरायची तिची सवय जुनी. पण आता तिची हिंदीही आटली होती. आमच्या घराण्यात न जगलेल्या मुलाबद्दल बोलत नाहीत. त्याचं नाव ठेवत नाहीत, त्याचा विषय निघाला तर कोणीतरी उठून चहा ठेवतं. मीही तेच करत होते. दिवसभर चहा ठेवत होते. सकाळ-संध्याकाळ त्रिशरण-पंचशील म्हणायचे, पण मन सगळं त्या खिडकीकडे. तिच्यापासून समुद्र किती जवळ आहे, याच एका हिशेबात मी जगत होते. आपण आयुष्यभर कणखर म्हणून मिरवलो आणि आता आपल्या हातात काहीच नाही, हे मला कळून चुकलं होतं आणि कबूल मात्र होत नव्हतं.

एके दिवशी दुपारी दूध संपलं म्हणून मी बाहेर पडले. मिलिंदने पत्त्याचा कागद करून दिला होता, तो नेमका टेबलावर राहिला. परतताना एक गल्ली चुकले. मग पुढची चुकले. तिथल्या सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळी घरं नीटनेटकी, आणि रस्त्यावर विचारायला माणूस नाही. विचारणार तरी कुठल्या भाषेत? चढ लागला, पाऊस भुरभुरायला लागला, आणि सुजाता घरात एकटी आहे या विचाराने मी दिसेल त्या वळणाने भरभर चालत सुटले. टेकडीच्या पोटाशी एक लहानसं देऊळ दिसलं. त्याच्या बाजूच्या छपराखाली जाऊन मी उभी राहिले.

तिथे भिंतीला लागून रांगेने गुडघाभर उंचीचे दगड होते आणि प्रत्येकाच्या गळ्यात लाल फडकं बांधलेलं होतं. काहींच्या डोक्यावर लाल टोप्या. कोणापुढे खुळखुळा, कोणापुढे रंगीत भिरभिरं. माझ्या मस्तकात तिडीक गेली. इतक्या लांब, बुद्धाच्या देशात येऊन शेवटी हेच का? माझ्या बापाने नदीत सोडलेले दगड इथे माझी वाट बघत बसले आहेत का? एरवी हसून सोडून दिलं असतं. त्या दिवशी मात्र घशाशी आलेलं सगळं त्या दगडांवर निघालं. मी त्यांच्याकडे चक्क पाठ केली आणि पावसाकडे तोंड करून उभी राहिले.

तेवढ्यात छत्री घेतलेली एक म्हातारी बाई आली. तिने मला वाकून नमस्कार केला आणि आपल्या कामाला लागली. बादलीतून पाणी घेतलं, शेवटच्या दगडाचं भिजून विटलेलं फडकं सोडलं आणि त्याला हाताने धुवायला लागली. आवाज आला म्हणून मी वळले, आणि पहिल्यांदा नीट बघितलं. फडक्याखाली जोडलेले हात होते. अंगावर चीवर होतं, डोक्याचं मुंडण केलेलं, डोळे मिटलेले आणि ओठांवर हसू. तो भिक्खू होता. लहान मुलाच्या चेहऱ्याचा भिक्खू. लाल रंग दिसला आणि मी पुढे चेहरा बघितलाच नव्हता.

बाईने त्याचं डोकं पुसलं, नवीन फडकं बांधलं, आणि न्हाऊन आलेल्या पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा हात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. माझी साडी, माझा चेहरा न्याहाळत तिने विचारलं, "इंदो?" म्हणजे इंडिया. मी मान हलवली. तिने स्वतःच्या पोटापुढे हात गोल धरून मोठं पोट दाखवलं आणि खालच्या घरांकडे बोट केलं. ती सुजाताबद्दल विचारत होती. त्या भागात भारतातली पोटुशी बाई दुसरी कोण असणार? कधी येता-जाता तिने तिला पाहिलं असेल आणि मग ती दिसेनाशी झाली हेही तिच्या लक्षात आलं असेल. मी नाही अशी मान हलवली आणि रिकामे हात पुढे केले. तिला समजलं. तिने बोट स्वतःच्या छातीला लावलं, मग पोटाला, मग दोन्ही हातांचा पाळणा करून हलवला आणि शेवटी तेच बोट त्या भिक्खूकडे नेलं. मग मलाही समजलं, तिचंही एक असंच गेलं होतं. दिल्लीत फोन आल्यापासून मी एकदाही रडले नव्हते. त्या छपराखाली, जिची भाषा मला येत नाही अशा बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून मी पोटभर रडले.

तिनेच मला घरापर्यंत आणलं. वळणावर आलो तर सुजाता पावसात, अनवाणी, रस्त्याच्या मधोमध उभी होती. मी परतले नाही म्हणून घाबरून बाहेर पडली होती, आणि आल्यापासून पहिल्यांदाच मी तिला त्या दाराबाहेर बघत होते. "आई, कहाँ चली गयी थी तू?" म्हणत तिने माझा दंड घट्ट धरला. म्हाताऱ्या बाईने छत्री तिच्या डोक्यावर धरली आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. सुजाताला कामापुरती जपानी यायची. तिने माझा दंड सोडला. बाईने पुन्हा तेच विचारलं. आणि मग माझी मुलगी खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली.

घरात आल्यावर, कपडे बदलल्यावर, मी बऱ्याच वेळाने विचारलं, की त्या काय म्हणाल्या. सुजाता म्हणाली, "त्यांनी विचारलं, मुलगा होता की मुलगी. आई, आत्तापर्यंत हे मला कोणीच विचारलं नाही."

त्यानंतर ती बोलायला लागली. बाळाचे केस दाट होते. बोटं मिलिंदसारखी लांब होती. नर्सने तिच्या हातात दिलं होतं, पण नंतर मिलिंदलाही ती हे सांगू शकली नव्हती, कारण त्याला त्रास होईल. चहा ठेवायला मी उठले नाही. संध्याकाळचे ते भोंग्याचे सूर वाजून गेले, मिलिंद घरी आला, तोही बूट काढून तिच्याजवळ बसला, आणि त्या दोघांना एकत्र रडताना पाहून माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

दुसऱ्या दिवशी मी बॅगेच्या तळातून ते पिवळं टोपडं काढून तिच्या हातात दिलं. "ये क्या है?" तिने विचारलं. टोपडं हा शब्द तिने कधी ऐकलाच नव्हता. मी सांगितलं. ती कितीतरी वेळ ते गालाला लावून बसली, मग स्वतःच उठून चपला घालू लागली. कालच्या त्या आजी आमच्या आधीच टेकडीवर आल्या होत्या. एका लहानग्या भिक्खूच्या डोक्यावर सुजाताने टोपडं घातलं आणि हनुवटीखाली गाठ बांधली, सैलसर, टोचू नये अशी. आजी सांगत होत्या आणि सुजाता मला समजावत होती, की जी मुलं आईबापांच्या आधी जातात त्यांना हा आपल्या बाहीत घेऊन फिरतो, त्यांना थंडी वाजू नये म्हणून हे कपडे. मला हे पटतं का? नाही पटत. वडिलांनी दिलेली शिकवण मी तिथेही सोडली नाही आणि दगडापुढे माथा टेकला नाही. मी फक्त त्या पिवळ्या टोपड्यावरून हात फिरवला. नातीच्या डोक्यावरून फिरवायचा राहिला होता, तोच हात.

लोक मला विचारतात, की रस्ता चुकणं, कागद विसरणं, पाऊस येणं, तीच बाई भेटणं, हे सगळं कसं जुळलं. मला माहीत नाही, आणि आता शोधावंसंही वाटत नाही. त्रिशरण मी बोबड्या वयापासून म्हणत आले, पण शरण जाणं मला त्या छपराखाली समजलं. आपल्याला काहीच जमत नाहीये हे ज्या क्षणी मी रिकामे हात करून दाखवलं, त्याच क्षणी ते हात कोणीतरी धरले. त्या आजींचं नाव मला नीट उच्चारताही येत नाही. पण रोज वंदना झाली की त्यांची आठवण काढल्याशिवाय मी उठत नाही.

पुढे सुजाता आणि मिलिंद नोएडाला परतले. त्यांना मुलगी झाली. हिवाळ्यात ती सगळी आमच्याकडे आली की आम्ही समोरच्या हिरवळीवर उन्हात बसतो. मी दरवर्षी एक पिवळं टोपडं जास्त विणते, आणि मिलिंदच्या ऑफिसातलं कोणी तिकडे निघालं की त्याच्याबरोबर आजींकडे पाठवते. मागच्या थंडीत नातीने ते माझ्या मांडीवरून उचललं, स्वतःच्या डोक्यावर घालून बघितलं. तिला ते होईना. "नानी, ये टोपी किसकी है?"

मी सवयीने उठायला लागले, चहा ठेवायला. सुजाता मटार सोलत होती. तिने मान वर केली, आणि अगदी नेहमीच्या आवाजात, शेजारच्या बायकांनाही ऐकू जाईल असं म्हणाली, "तुझ्या ताईची."

मी पुन्हा खाली बसले आणि विणायला लागले.