पाच नंबरची ओळ

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या घरात आत्मा हा शब्दच चालत नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यासोबत भुतंखेतंही घराबाहेर काढली, असं बाबा सांगायचे. शेजारी कोणाच्या अंगात आलं की बाबा म्हणायचे, "तिले जेवाले द्या, उपाशी असन." या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचते... लिहिणाऱ्यांनी रागावू नये. अमावस्या, पांढरी साडी, उलटे पाय! माझ्या अनुभवात यातलं काहीही नाही. रविवारची सकाळ होती, अकरा वाजले होते, आणि दादाच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं नुकतेच खोव्याची जिलबी खाऊन हात धुऊन बसलो होतो.

मी जबलपूरची. घमापूरमध्ये राहते, बाबांनी बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात. बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे, इथे फॅक्टरीत टर्नर म्हणून लागले आणि लेथवरच म्हातारे झाले. मी रेल्वेच्या ऑफिसात टायपिस्ट होते. आयुष्यभर साहेबांची पत्रं टाइप केली. सही त्यांची, आणि खाली डाव्या कोपऱ्यात माझ्या नावाची दोन बारीक अक्षरं. ती अक्षरं कोणी वाचत नाही, पण नियम असतो म्हणून टाकायची. माझा मोठा भाऊ विलासदादा बंगळूरला कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. रिटायर होऊन परत आला आणि त्यानं सिव्हिल लाइन्समध्ये फ्लॅट घेतला.

रिटायर झालेली माणसं बागकाम करतात, मॉर्निंग वॉकला जातात. दादाला जुन्या कॉम्प्युटरचं वेड लागलं. आमच्याच घरातला तो कॉम्प्युटर... शाळेच्या कंपासपेटीहून थोडा मोठा काळा डबा, रबराच्या कळांचा, टीव्हीला जोडायचा. मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. बाबांच्या फोरमनच्या मुलानं तो परदेशातून आणला होता. दोन कळा दबेनात म्हणून टाकून देत होते, तो बाबा मागून घेऊन आले. आतमध्ये सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे बसवले आणि कळा चालू केल्या. त्यात प्रोग्राम लिहायचा, आणि टेपरेकॉर्डर जोडून साध्या गाण्याच्या कॅसेटवर साठवायचा. परत हवा असेल तर कॅसेट लावायची. कर्कश किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि तीन-चार मिनिटांनी प्रोग्राम आत जातो.

त्या डब्याला दादानं आता नवीन मेमरी लावली, टीव्हीचं चित्र स्वच्छ यावं म्हणून आत काही तारा बदलल्या, कॅसेटऐवजी मोबाइलसारखं कार्ड चालावं म्हणून मागे एक पट्टी जोडली. त्याच्यासारख्याच हौशी लोकांचा एक ग्रुप आहे, गावोगावचे. त्या ग्रुपनं ठरवलं की ज्यानं-त्यानं आपला पहिला प्रोग्राम जुन्या कॅसेटवरून काढून द्यायचा, सगळ्यांचं मिळून एक पुस्तक करायचं. प्रत्येक प्रोग्रामच्या वर करणाऱ्याचं नाव आणि फोटो.

दादाचा फोन आला. "सुमी, रविवारी येजो ना. ती गिअरवाली कॅसेट लोडच नाही होऊन राहिली. पंधरा दिवस झाले. तुले माहीत हाय ना तो स्क्रू?"

मला माहीत होतं. टेपरेकॉर्डरच्या हेडजवळ एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना तो किंचित फिरवायचा, आणि कानानं ओळखायचं की आवाज आता धारदार झाला. तो कान दादाला कधीच नव्हता. आणि तो प्रोग्रामही दादाचा नव्हता. तो माझा होता.

लेथवर आटे पाडायचे असले की प्रत्येक मापाला वेगवेगळे गिअर लावावे लागतात. बाबांची एक तेलकट वही होती, तिच्यात ते आकडे लिहिलेले. मी महिनाभर रोज संध्याकाळी बाबांसमोर ती वही घेऊन बसले. बाबा हात धूत-धूत समजावायचे, आणि मी विचारत जायची. त्यातून प्रोग्राम झाला. आट्याचं माप टाकलं की कोणते गिअर लावायचे ते पडद्यावर येई. बाबांनी चार-पाच मापं माझ्याकडून टाकून घेतली, उत्तरं वहीशी ताडली आणि म्हणाले, "बरोबर हाय वो सुमे!" त्या कौतुकानं मी दोन दिवस हवेत होते.

मग त्यांनी विचारलं, "नंबर कुठी टाकला?"

बाबांना सवय होती. फॅक्टरीत प्रत्येक कामगाराला टोकन नंबर असतो, बाबांचा ३१४. केलेल्या कामावर, हत्यारावर तो ठोकायचा. घरातल्या पान्यावर ३१४, छत्रीच्या मुठीवर ३१४, वरणाच्या पळीवरसुद्धा ३१४. "नंबर टाकत जा कामावर," ते म्हणायचे. "मानूस खोटं बोलते, लोखंड नाही बोलत." मी त्यांना सांगितलं की प्रोग्राममध्ये एक ओळ अशी टाकता येते, जी मशीन नुसती सोडून देते, फक्त वाचणाऱ्यासाठी असते. तिला रेम म्हणतात. माझा प्रोग्राम दहा नंबरच्या ओळीपासून सुरू होत होता, म्हणून त्याच्या आधी पाच नंबरची ओळ घातली: रेम सुमन. नुसतं नाव. मला कुठला आलाय टोकन नंबर?

पुढच्याच आठवड्यात दादा नागपूरच्या एका स्पर्धेला निघाला. त्याला काहीतरी दाखवायला हवं होतं. माझ्यासमोर त्यानं पाच टाइप केलं आणि नुसतं एंटर दाबलं. बस्स. ओळ काढायला एवढंच लागतं. नंबर लिहायचा आणि पुढे काही लिहायचं नाही. मग बडा फुहाऱ्याच्या बाजारातून आणलेल्या कोऱ्या कॅसेटचं वेष्टण फाडून त्यानं प्रोग्राम तिच्यावर साठवला.

मी रडत बाबांकडे गेले. "बाबा, यानं माझं नाव काढलं."

बाबा जेवणाचा डबा घासत होते. म्हणाले, "राहू दे सुमे. त्याले नोकरी लागन. तुले काय, तू तं लगन करून जाशीन."

आणि हात पुसून त्यांनी कॅसेट घेतली. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचा एक छोटा दात असतो. तो मोडला की तिच्यावर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. बाबांनी पेचकसानं तो दात टक्‌कन मोडला आणि कॅसेट दादाच्या हातात दिली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

दादाचा नंबर आला, त्याच प्रोग्रामवर नोकरी लागली. मी लग्न करून कुठेही गेले नाही. आईचं, मग बाबांचं, सगळं मीच केलं. दादा दिवाळीला यायचा आणि बाबांना स्वेटर आणायचा. बाबांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि मीही नाही.

तर त्या रविवारी मी गेले. का गेले, असं तुम्ही विचाराल. मलाही ते विचारावंसं वाटतं. दादाकडे ग्रुपमधले एक तिवारीजी आले होते, सज्जन माणूस, मला एकसारखं दीदी-दीदी करत होते. पुस्तकाचं काम तेच पाहत होते, म्हणून मोबाइल स्टँडवर लावून त्यांनी सगळ्याचा व्हिडिओ सुरू केला. दादानं कॅमेऱ्याकडे पाहून सांगितलं, "ये मेरा पहला प्रोग्राम है. पिताजी टर्नर थे, उनके लिए बनाया था." मी खाली बसून स्क्रू फिरवत होते. माझी फक्त बोटं दिसत असणार.

तिसऱ्यांदा आवाज धारदार झाला आणि मी हात काढून घेतला. प्रोग्राम आत गेला. दादा टाळ्या वाजवायला लागला. मग त्यानं सगळ्या ओळी पडद्यावर मागवल्या.

पहिली ओळ पाच नंबरची होती.

इंग्रजी मोठ्या अक्षरांत, पण शब्द मराठी: रेम काम सुमनचे. टोकन ३१४.

  तिवारीजींनी अक्षरं लावत मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "सुमन... दीदी, आप ही ना?"

"अरे, मज़ाक है इसका," दादा हसत म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले होते. मग मराठीत, हळू आवाजात, "तू केलं न हे?"

"मी कधी करीन दादा? तुझ्याच घरात होती कॅसेट. दात मोडेल हाय तिचा."

त्यानं कॅसेट काढून पाहिली. दात मोडलेलाच होता; खड्ड्यावर चिकटपट्टी लावली तर पुन्हा रेकॉर्ड करता येतं, पण तीही नव्हती. तिवारीजींनी व्हिडिओ मागे नेऊन पाहिला. सकाळपासून कीबोर्डला माझं बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. मग दादानं सांगितलं की जुनी पुसलेली ओळ टेपमध्ये कुठेतरी राहिली असेल. तिवारीजींनी मान हलवली. पण मला माहीत होतं की तसं होऊ शकत नाही. कॅसेट कोरी होती, ओळ काढल्यानंतर भरली होती. आणि माझ्या ओळीत नुसतं सुमन होतं. काम हा शब्द मी लिहिला नव्हता. ३१४ तर मुळीच नाही. बाबांनी जन्मात त्या कीबोर्डला हात लावला तो फक्त ट्यूबचे तुकडे बसवायला.

मी तेव्हा बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "दादा, पुस्तकात नाव टाक माझं. आता तरी."

"या वयात तुले नाव पाहिजे? कोन वाचते सुमी ते पुस्तक?"

"कोनी वाचत नाही तं टाक ना मंग. तुझं काहून टाकून राहिला?"

दादा कीबोर्डकडे वळला, पाच टाइप केलं आणि एंटर दाबलं. अगदी तसंच. त्याच बोटानं. पडद्यावरून ओळ गेली आणि त्यानं उरलेला प्रोग्राम कार्डावर साठवून टाकला.

तिवारीजी म्हणाले, कॅसेटच एकदा परत लोड करून पाहू. मी स्क्रूला हात न लावता बसून राहिले, आवाज आधीच बरोबर लागला होता. दुसऱ्यांदा लोड केलं, तिसऱ्यांदा केलं. प्रोग्राम दहापासून सुरू. पाच नंबरची ओळ नाही. दादाचा जीव भांड्यात पडला. "पाह्य, काही नव्हतं," असं तो मला म्हणाला, जसं काही आम्ही तिघांनी मिळून चुकीचं वाचलं होतं!

पण व्हिडिओत ती ओळ आहे. तिवारीजींनी तेवढा भाग मला पाठवला, खाली हात जोडल्याचं चित्र टाकून. एकदा फोनवर म्हणाले, "दीदी, समझ तो हम गए थे, पर विलास भैया के घर में बैठकर क्या बोलते?" मी म्हटलं, बरोबर आहे. आमच्या घरातही कोणी बोललं नव्हतं.

पुस्तक निघालं. दादाचं नाव, दादाचा फोटो, वडिलांसाठी केलेल्या प्रोग्रामची हृद्य आठवण. शेवटच्या पानावर आभारांच्या यादीत एक ओळ आहे: कॅसेट लोड करायला मदत, लेखकाची बहीण. नाव नाही. तीस वर्षं डाव्या कोपऱ्यात निदान दोन अक्षरं तरी मिळत होती.

माझा भाचा इंजिनीअर आहे, त्यालाही व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला, आत्या, टेप खराब झाली तर अक्षरं उलटसुलट होतात, पण अशी वाक्यं होत नाहीत. एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की वडिलांचा आत्मा अडकला असेल, काही शांत वगैरे करून घ्या. मी त्यांना म्हटलं, आम्ही मानत नाही. आजही मानत नाही.

बाबांच्या स्मृतिदिनाला मी दरवर्षी त्यांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावते, वंदना म्हणते. यंदाही लावली. पण वंदना झाल्यावर उठवेना. लोक म्हणतील, बापानं मेल्यावर तरी न्याय केला, किती भाग्याची मुलगी! मला तसं काही वाटलं नाही हो. राग आला. आई गेल्यावर एकवीस वर्षं मी आणि बाबा त्या दोन खोल्यांत राहिलो. मी त्यांना आंघोळ घातली, भरवलं. शेवटच्या महिन्यात ते रात्रंदिवस बोलत असायचे, फॅक्टरीतलं, गावातलं, कोणत्या म्हशीला काय झालं होतं ते सगळं. दादाचा फोन रोज यायचा, तो मीच त्यांच्या कानाला लावायची. एवढंच म्हणायचं होतं, विलास, ते काम सुमीचं हाय. पाच शब्द. मी बाजूलाच उभी असायची.

ती ओळ पडद्यावर कशी आली, ते कोणाला माहीत असेल तर या सदरातून जरूर कळवा, माझी उत्सुकता आहे. पण मला खरं कोडं ते नाही. ज्या माणसानं वरणाच्या पळीवरसुद्धा नंबर ठोकला, त्यानं माझ्या कामाचा दात आपल्या हातानं का मोडला... याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, आणि ज्यांनी द्यायचं ते एकदाच बोलले, तेही दादाच्या घरी जाऊन.